इलेक्ट्रिकलला गेलेलं पोर नेमकं शिकतं काय?

बारावीचा निकाल लागला की नाशिकमधल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. गुण बरे आहेत, कॉम्प्युटरला नंबर लागेलच असं नाही, इलेक्ट्रिकल मिळतंय. मग एखादे मामा नाहीतर शेजारचे काका विचारतातच, "इलेक्ट्रिकल म्हणजे शेवटी वायरिंगच ना? त्याला चार वर्षं कशाला?"

हा प्रश्न कुणालाही पडेल असाच आहे. घरात विजेचं जे डोळ्यांना दिसतं ते वायर, बटण आणि बोर्ड एवढंच. वायरिंग हे आयटीआयमध्ये शिकवलं जाणारं, हात बसायला वेळ लागणारं कसबाचं काम आहे. पदवीचा अभ्यास मात्र बोर्डाच्या मागे सुरू होतो आणि तिथून पार कोळशाच्या ढिगापर्यंत जातो.

हा अभ्यास मुख्यतः तीन विषयांवर उभा आहे. विद्युत यंत्रं, म्हणजे मोटर, जनित्र आणि रोहित्र. वीजप्रणाली, म्हणजे केंद्रापासून घरापर्यंतचं सगळं जाळं. आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे मोठ्या शक्तीची वीज हवी तशी वळवणारे अर्धवाहक स्विच. वेळापत्रकात हे तीन वेगळे तास, तीन वेगळे पेपर. मुलंही ते वेगवेगळे पाठ करतात. प्रत्यक्षात मात्र या तिघांतला एकही दुसऱ्या दोघांवाचून पुरता समजत नाही. हे पाहायला नाशिक जिल्ह्याबाहेर फारसं जावं लागत नाही. निफाडच्या विहिरीवरचा पंप, एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आणि कसाऱ्याचा घाट एवढं पुरे.

१. मोटरच्या पाटीवर १४४० का लिहिलेलं असतं?

सुरुवात शेतातल्या पाच अश्वशक्तीच्या मोटरपासून करू. ही थ्री-फेज इंडक्शन मोटर. तिच्या बाहेरच्या स्थिर भागात तीन गुंडाळ्या असतात आणि तीन फेजांचा प्रवाह त्यांतून एकामागून एक चढतो-उतरतो. त्यामुळे आत एक चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते गोल फिरतं. यंत्राचा एकही भाग हललेला नसतो, तरी क्षेत्र फिरत असतं. १८८०च्या दशकात इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे शोधलेली ही युक्ती आजही जगभरच्या मोटरी चालवते.

क्षेत्र किती वेगाने फिरेल? हिशेब सोपा आहे: १२० गुणिले वारंवारता, भागिले ध्रुवांची संख्या. आपली वारंवारता ५० हर्ट्झ, मोटर चार ध्रुवांची. म्हणून १२० × ५० ÷ ४ = मिनिटाला १५०० फेरे.

पण पाटीवर १४४० लिहिलेलं असतं. कारण आतल्या फिरत्या भागाला, म्हणजे रोटरला, बाहेरून वीज दिलेलीच नसते. क्षेत्र त्याला ओलांडून पुढे जातं तेव्हाच त्याच्यात प्रवाह उपजतो आणि त्या प्रवाहामुळे तो फिरतो. तो क्षेत्राच्या बरोबरीला आला, तर ओलांडणं थांबेल, प्रवाह थांबेल आणि ओढही संपेल. म्हणून तो कायम थोडा मागे राहतो. १५०० मधले हे ६० फेरे, म्हणजे ४ टक्के, याला 'स्लिप' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, घाटात तो पुन्हा लागणार आहे.

आता शेतकऱ्याची नेहमीची तक्रार घेऊ: "व्होल्टेज नव्हतं, म्हणून मोटर जळली." दाब कमी झाला तर मोटर थंड पडायला हवी, जळते कशी? इंडक्शन मोटरची ओढ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४१५ व्होल्टच्या जागी ३३२, म्हणजे ८० टक्केच दाब मिळाला, तर ओढ ०.८ × ०.८ = ०.६४, म्हणजे ६४ टक्क्यांवर येते. विहिरीची खोली मात्र तेवढीच. मोटर आणखी मागे पडते, स्लिप वाढते, प्रवाह वाढतो. गुंडाळीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने वार्निश करपतं आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जाते.

दुसरी गोष्ट सुरू होतानाची. थांबलेली मोटर थेट दाबावर सुरू केली तर पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर याचसाठी असतो. पण गावात प्रत्येकाने 'ऑटो स्विच' बसवलेला असतो. लोडशेडिंग संपून वीज आली की एका डीपीवरचे, म्हणजे गावच्या रोहित्रावरचे, सगळे पंप एकाच क्षणी उठतात, आणि डीपी जळते.

इथे पहिला विषय संपतो, पण प्रश्न संपत नाही. मोटर निर्दोष होती. दोष होता तारेच्या टोकाला पोहोचलेल्या दाबात आणि एकाच वेळी पडलेल्या भारात. त्याचं उत्तर दुसऱ्या वहीत आहे.

२. वीज एवढ्या उच्च दाबाने का नेतात?

एकलहऱ्याला महानिर्मितीचे २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, एकूण ६३० मेगावॉट. १४० मेगावॉटचे दोन जुने संच केव्हाच निवृत्त झाले. २१० मेगावॉटच्या अशा संचातलं जनित्र साधारण १५.७५ किलोव्होल्टला वीज देतं. पूर्ण भारावर त्यातून निघणारा प्रवाह सुमारे ९,००० अँपिअर असतो. एवढा प्रवाह दूरवर न्यायचा तर तारा मनगटाहून जाड लागतील आणि तरीही वाटेत भरपूर वीज उष्णतेत जाईल.

म्हणून केंद्राच्या आवारातच रोहित्र बसवून दाब २२० किलोव्होल्ट करतात. दाब १४ पट झाला, म्हणून प्रवाह १४ पटींनी घटून सुमारे ६५० अँपिअर राहिला. तारेतली घट प्रवाहाच्या वर्गावर ठरते. म्हणजे त्याच तारेत ती जवळपास १९५ पटींनी कमी झाली. पुढे १३२, ३३, ११ किलोव्होल्ट असं पायरीपायरीने उतरत वीज गावच्या डीपीत येते आणि तिथून ४१५ व्होल्टला विहिरीवर जाते. ११ किलोव्होल्टची वाहिनी जितकी लांब आणि तिच्यावर पंप जितके जास्त, तितका शेवटच्या शेतापर्यंत दाब गळतो. मोटर जळण्याचं मूळ कारण हे होतं.

वीजप्रणाली या विषयात विद्यार्थी हे कागदावर आणि संगणकावर मांडायला शिकतो. कुठल्या वाहिनीवर किती भार जाईल, कुठे किती दाब राहील, तार तुटली किंवा दोन तारा भिडल्या तर किती प्रवाह उसळेल, आणि तो कोणत्या ब्रेकरने किती वेळात तोडायचा. नाशिकला याचा कारखानदारीशी थेट संबंध आहे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत सीजी पॉवर, एबीबी यांसारख्या कंपन्यांचे स्विचगिअरचे कारखाने आहेत. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो. ब्रेकरचे संपर्क विलग झाले की त्यांच्यात ठिणगी पेटते. ती अशा एखाद्या शून्याच्या क्षणी विझवायची आणि पुन्हा पेटू द्यायची नाही, यातच या यंत्राचं सगळं कौशल्य असतं.

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम असा: जाळ्यातली कोणतीही एक वाहिनी अचानक गेली, तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईत लोकल थांबल्या आणि शहराचा मोठा भाग अंधारात गेला, तेव्हा हाच नियम मोडला होता. मुंबईकडे येणाऱ्या काही उच्चदाब वाहिन्या आधीच बंद होत्या. उरलेल्यांवर भार गेला आणि त्याही एकामागून एक बंद पडल्या.

३. पन्नास हा आकडा कोण सांभाळतं?

विजेच्या जाळ्यात कोठार नसतं. या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, तेवढीच याच क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल साधला की नाही, हे सांगणारा आकडा म्हणजे वारंवारता.

यासाठी मळणीचं खळं डोळ्यांसमोर आणा. मधे तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात. आतला बैल छोट्या घेऱ्यात चालतो, बाहेरचा मोठ्या, पण फेरा सगळ्यांचा एकदमच पुरा होतो, कारण दावं एक आहे. खळ्यात कणसं वाढली की सगळी पात थोडी मंदावते, कमी झाली की वेग घेते. एखादा बैल दमला तर बाकीचे त्याला ओढून नेतात. आणि नवा बैल पातीत घालायचा तर आधी त्याची पावलं जुळवून घ्यावी लागतात. देशभरची जनित्रं याच पातीत आहेत. एकलहऱ्याचा दोन ध्रुवांचा संच मिनिटाला ३,००० फेरे घेतो. बारा ध्रुवांचं जलविद्युत जनित्र असेल तर ५०० फेरे. पण वारंवारता दोघांची एकच. मागणी वाढली की सगळीच किंचित मंदावतात आणि ५० चा आकडा ४९.९ कडे सरकतो. भारताच्या नियमांनुसार तो ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवायचा असतो. महाराष्ट्रापुरतं हे लक्ष ठेवण्याचं आणि संचांना वाढवा-घटवा सांगण्याचं काम कळव्याचं राज्य भार प्रेषण केंद्र करतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेची जनित्रंही उरलेल्या देशाबरोबर फिरू लागली.

या तोलाची परीक्षा सगळ्या देशाने एकदा पाहिली आहे. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवण्याचं आवाहन झालं. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने घसरली आणि लगेच परत चढली. कोळशाचा संच इतक्या झपाट्याने खालीवर करता येत नाही, कारण बॉयलर तसा ऐकत नाही. पाण्याचा संच झडप फिरवली की ऐकतो. म्हणून देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी हा चढउतार झेलला. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ च्या आत राहिली आणि जाळं टिकलं.

पावलं जुळवून घेण्याचा प्रयोग कॉलेजच्या मशीन लॅबमध्येही असतो. जनित्र आणि जाळं यांच्यामध्ये तीन दिवे जोडतात. दोघांची लय जुळत नसेल तर दिवे उजळतात-मंदावतात. जुळत आली की हे स्पंदन संथ होतं, आणि तिन्ही दिवे विझलेले असताना स्विच टाकायचा. यंत्रांच्या तासात शिकलेलं आणि प्रणालीच्या तासात शिकलेलं इथे एकाच टेबलावर येतं.

४. कसाऱ्याच्या घाटात काय बदललं?

आता तिसरा विषय. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला लोहमार्ग १८६५ सालचा. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. म्हणूनच इथे गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात. भारतातली पहिली विजेची गाडी मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. त्यानंतर काही वर्षांतच या घाटातही १,५०० व्होल्ट डीसी आली. इगतपुरीच्या पुढे भुसावळकडे मात्र नंतर २५,००० व्होल्ट एसी घातली गेली. त्यामुळे कित्येक वर्षं इगतपुरीला गाड्यांची इंजिनं बदलावी लागत, नाहीतर दोन्ही विजांवर चालणारी खास इंजिनं वापरावी लागत.

जुन्या इंजिनांत डीसी मोटर असे. जागेवरून उठताना ती जबरदस्त ओढ देते. पण तिच्यात कार्बनचे ब्रश झिजतात आणि घासून घासून कम्युटेटर खराब होतो. इंडक्शन मोटरला हे दुखणंच नाही. मग रेल्वेने तीच का नाही वापरली? कारण पहिल्या भागात आलंच आहे: तिचा वेग वारंवारतेला बांधलेला. ५० हर्ट्झवर ती १५०० च्या आसपासच फिरणार. गाडीला तर शून्यापासून शंभरपर्यंतचे सगळे वेग हवेत. थोडक्यात, वारंवारता हवी तशी बदलता आली पाहिजे.

ते काम पॉवर इलेक्ट्रॉनिक्स करतं. १९५७ मध्ये अमेरिकेत थायरिस्टर हा अर्धवाहक स्विच आला आणि १९८०च्या दशकात आयजीबीटी हा त्याहून चपळ स्विच. यात हलणारा संपर्क नाही. आयजीबीटी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊ शकतो. स्विच पूर्ण बंद असेल तर प्रवाह नाही, पूर्ण चालू असेल तर त्यावर दाब जवळजवळ नाही. म्हणून दोन्ही अवस्थांत वीज फारशी वाया जात नाही. डीसी वीज अशा स्विचांनी कधी जास्त वेळ, कधी कमी वेळ चालू ठेवत मोटरला दिली, तर गुंडाळीला या तुकड्यांची सरासरीच जाणवते. ती सरासरी आपण हव्या त्या वारंवारतेच्या लाटेसारखी घडवू शकतो. हा इन्व्हर्टर.

१९९०च्या दशकात रेल्वेने एबीबीकडून डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ ही थ्री-फेज इंजिनं आणली आणि पुढे ती चित्तरंजनला बनू लागली. वरच्या तारेतली सिंगल फेज वीज रोहित्राने उतरवायची, तिची डीसी करायची, आणि त्या डीसीपासून हव्या त्या वारंवारतेची थ्री-फेज एसी घडवायची, असा त्यांचा क्रम.

खरी गंमत उतारावर. इगतपुरीहून कसाऱ्याकडे गाडी उतरत असताना इन्व्हर्टर क्षेत्राचा वेग मुद्दाम रोटरपेक्षा किंचित कमी ठेवतो. आता रोटर क्षेत्राच्या पुढे जातो आणि स्लिप उणे होते. मोटर तीच, पण ती जनित्र बनते, गाडीला रोखते आणि वीज तारेत परत पाठवते. किती? समजा, १,००० टनांची गाडी सुमारे ३०० मीटर उतरली. १०,००,००० किलो × ९.८ × ३०० म्हणजे जवळपास २९४ कोटी ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की सुमारे ८०० युनिट. घर्षण आणि यंत्रांमधली घट वजा केली तरी उरणारी वीज दुसऱ्या चढणाऱ्या गाडीच्या कामी येते. पूर्वी यातली बरीचशी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाई.

५. चंद्रपूरची वीज डीसी होऊन का येते?

इन्व्हर्टर इंजिनात बसतो, तसा जाळ्यातही बसतो. कोळसा विदर्भात आणि मोठी मागणी मुंबई-ठाण्याकडे, ही महाराष्ट्राची जुनी अडचण. म्हणून १९९९ मध्ये चंद्रपूर ते भिवंडी तालुक्यातलं पडघे अशी ७५२ किलोमीटरची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी सुरू झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॉट. चंद्रपूरला थायरिस्टर एसीची डीसी करतात आणि पडघ्याला पुन्हा एसी.

लांब एसी वाहिनीत दाब सावरण्यासाठी वाटेत बरीच सोय करावी लागते आणि वीज कोणत्या वाटेने किती जाईल ते आपल्या हातात पुरतं नसतं. डीसी वाहिनीत ते थायरिस्टर पेटवण्याचा क्षण पुढेमागे करून ठरवता येतं. तोटाही आहे. डीसी प्रवाह शून्यावरून जातच नाही. मग अंबडला बनणारा एसी ब्रेकर ज्या क्षणाची वाट पाहतो, तो क्षण इथे येतच नाही. म्हणून डीसी तोडणं हे वेगळंच अवघड काम आहे.

६. सौर विजेत काय कमी असतं?

पातीतले बैल जड असतात, म्हणून एकदम थांबत नाहीत. एकलहऱ्याच्या टर्बाइन-जनित्राचंही तसंच आहे. इतकं वजन ३,००० फेऱ्यांनी फिरतं की पूर्ण भार काही सेकंद पुरवू शकेल एवढी ऊर्जा त्या फिरण्यातच साठलेली असते. कुठे एखादा संच बंद पडला तर हे काही सेकंद जाळ्याला सावरायला वेळ देतात.

सौर पॅनेल फिरत नाही. ते डीसी देतं आणि इन्व्हर्टर ती एसी करून जाळ्यात सोडतो. नेहमीचा इन्व्हर्टर जाळ्याची लय बघून तिच्या मागे चालतो, स्वतः लय धरत नाही. दुपारी सौर वीज भरपूर झाली आणि फिरणारे संच कमी झाले, तर तोच बिघाड वारंवारतेला जास्त वेगाने खाली नेतो. यावर आज दोन बाजूंनी काम चालू आहे. एक, स्वतः लय धरणारे इन्व्हर्टर. दुसरं, साठवण. अकोले तालुक्यातला घाटघर प्रकल्प २००८ पासून हेच करतो आहे. २५० मेगावॉटची तिथली यंत्रं जास्तीच्या विजेवर मोटर होऊन खालच्या जलाशयातलं पाणी वर चढवतात आणि मागणीच्या वेळी तेच पाणी सोडून जनित्र होतात.

शेतातला सौर पंपही याच कुळातला. ढग आला की पॅनेलची वीज घटते. कंट्रोलर वारंवारता कमी करतो आणि पंप बंद न पडता मंद होतो. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने घटते: वेग ८० टक्के केला तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे जवळपास निम्मी शक्ती पुरते. पण पाणी चढवण्याची उंची वेगाच्या वर्गाने घटते, म्हणजे ६४ टक्के राहते. विहीर खोल असेल तर पंप फिरत राहील आणि पाणी मात्र येणार नाही. हे नुसत्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासातून कळत नाही. पंप आणि मोटर माहीत असावी लागते.

७. मग अभ्यास कसा करायचा?

२००५ मध्ये राज्य वीज मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. नोकऱ्यांच्या वाटाही ढोबळपणे तशाच वाटल्या गेल्या: एक केंद्रावर, एक उच्चदाब वाहिन्यांवर, एक गावच्या डीपीवर. नाशिकरोडला रेल्वेची दुनिया वेगळी. तिथे इंजिनांच्या मोटरींची दुरुस्ती करणारी कार्यशाळा आहे आणि रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिकवणारी, १९८८ मध्ये सुरू झालेली संस्थाही. पण वर पाहिलेली एकही अडचण एका वहीत बसली नाही. जळालेली मोटर तारेकडे घेऊन गेली, घाटातली मोटर इन्व्हर्टरकडे, आणि सौर इन्व्हर्टर पुन्हा फिरत्या जनित्राकडे.

म्हणून विद्यार्थ्याने प्रत्येक विषयाच्या शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारावा: या यंत्राला जाळं काय करतं, आणि हे यंत्र जाळ्याला काय करतं? गणिताचा कंटाळा चालणार नाही, कारण फिरतं क्षेत्र, बिघाडाचा प्रवाह आणि इन्व्हर्टरची लाट हे सगळं शेवटी त्रिकोणमिती आणि संमिश्र संख्यांतच मांडलं जातं. पण नुसतं गणितही पुरणार नाही.

पालकांनी कॉलेज बघायला जावं तेव्हा इमारतीआधी मशीन लॅब दाखवायला सांगावी. तिथल्या मुलांना विचारावं: जनित्र जाळ्याला जोडण्याचा तो दिव्यांचा प्रयोग तुम्ही स्वतःच्या हाताने करता, की सर करतात आणि तुम्ही आकडे उतरवून घेता? पहिलं उत्तर मिळालं, तर चार वर्षं वाया जाणार नाहीत.